तळ्याच्या पडद्याची सवत

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं! खिडकीच्या पडद्यांत मला मोजणार असाल तर मी तुमच्याशी बोलायचाच नाही. मी फोटो स्टुडिओचा पडदा आहे. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे माणसं ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जात, स्टुलावर ताठ बसत आणि त्यांच्या पाठीमागं रंगवलेला भिंतीएवढा पडदा असे. तो मी. निपाणीच्या बाजारात, एका अरुंद जिन्यावर नागेंद्रआण्णांचा स्टुडिओ आहे. माझा बहुतेक सगळा जन्म तिथंच गेला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. माझ्या गोष्टीत जळफळाट पुष्कळ आहे. ज्याला तो सोसत नसेल त्यानं खुशाल पान उलटावं. उगाच साळसूद बनून सांगायला मला येत नाही.

मला रंगवलं शामू पेंटरनं. ट्रकच्या पाठी आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणारा माणूस तो. दुहेरी मांजरपाट आणला, त्याला खळ घालून वाळवला आणि नागेंद्रआण्णांना विचारलं, "काय काढू?"

"लई देखणं कायतरी काढ. निपाणीत नसलेलं."

"मग तळं काढतो," शामू म्हणाला.

आणि काय तळं काढलं म्हणता! निळंशार पाणी. पाण्यात दोन हंस. पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या, पायऱ्यांना नक्षीचा कठडा. दोन्ही बाजूंना नारळाची झाडं आणि पाठीमागं बर्फाचा डोंगर. नारळामागं बर्फ कसा, असं शामूला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं ब्रश फेकून मारला असता.

तेव्हापासून माझं राज्य सुरू झालं. बाजाराच्या दिवशी जिन्यावर रांग लागायची. नवीन लग्न झालेली जोडी, बारशाची बाळं, मॅट्रिक पास झालेली पोरं, विड्या वळणाऱ्या बायकांचे गटच्या गट, सगळे माझ्यापुढं. कागलपासून संकेश्वरापर्यंत कुठल्याही घरात जा, भिंतीवर माझं तळं होतंच. काही घरांत ते मराठी कॅलेंडरशेजारी होतं, काही घरांत कन्नड कॅलेंडरशेजारी. तळ्याला भाषा नव्हती, त्यामुळं भांडण नव्हतं. मला वाटायचं, ह्या मुलखात देखणी म्हणून जागा आहे ती एकच, आणि ती मी आहे.

नागेंद्रआण्णांची मुलगी भैरवी. तिचा प्रत्येक वाढदिवस माझ्यापुढं झाला. तीन वर्षांची असताना ती पळत आली आणि माझ्या पायऱ्या चढायला गेली. कापडावर नाक आपटलं, ढसाढसा रडली. तिची आई तिला उचलून न्यायला लागली तर हात माझ्याकडं करून ओरडायची, "मला तळ्यात जायचंय!" मित्रांनो, मी त्या दिवशी तिचा झालो. हजारो माणसं माझ्यापुढं उभी राहिली, पण माझ्या आत यायला निघालेली ती एकटीच.

पुढं कॉम्प्युटर आला. माणसं नुसत्या हिरव्या कापडापुढं उभी राहू लागली आणि मागं काय हवं ते चिकटवून घेऊ लागली. कुणाला ताजमहाल, कुणाला स्वित्झर्लंड. मग मोबाइल आला आणि तीही यायची थांबली. मला राग आला, पण खरं सांगतो, मत्सर नाही वाटला. स्वित्झर्लंडचा काय मत्सर करायचा? ते इथं थोडंच येणार होतं! माझी सवत निघाली ती अगदी गावाबाहेरची. पडद्याला सवत कुठली, म्हणाल. ऐका तर.

भैरवी बेळगावात शिकली, पुढं बेंगळूरला जाऊन फोटोकला शिकली आणि एका उन्हाळ्यात मोठा कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड घेऊन परत आली. नागेंद्रआण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आता लग्नांच्या ऑर्डरी घ्यायच्या," ते म्हणाले.

"न्हाय आप्पा. मी लग्नाचे फोटो काढणार न्हाय. मी जागेचे काढणार."

"जागेचे? का गं, कुणाची जागा विकायला काढलीया काय?"

ती हसली. मग शांतपणे म्हणाली, "आप्पा, बेळगावात मला विचारत्यात, तू कन्नड का मराठी? कोल्हापुरात गेले की म्हणत्यात, तू तर कर्नाटकातली. मी नेमकी कुठली ते मला तोंडानं सांगता येत न्हाय. म्हणून मी माझी जागाच दाखवणार. बघा म्हणावं, मी हितली."

माझं काळीज धडधडायला लागलं. तिची जागा म्हणजे मीच की! नागेंद्रआण्णांनाही तेच वाटलं असावं. ते माझ्याकडं बोट करून म्हणाले, "मग ह्यो हाय की पडदा. ह्याच्यापुढंच तर वाढलीस."

भैरवीनं माझ्याकडं पाहिलं. "आप्पा, ह्यो खोटा हाय. असलं तळं हितं कुठं हाय?"

खोटा! सगळ्या मुलखाच्या भिंतींवर मी, आणि म्हणे खोटा!

दुसऱ्या दिवसापासून ती तांबडं फुटायच्या आत स्टँड खांद्यावर टाकून बाहेर पडू लागली. कुठं? तर गावाबाहेर भरमूचा माळ आहे, तिथं. भरमू हा तंबाखू करणारा शेतकरी. त्याच्या आईवडिलांचा जोडीचा फोटो आणि त्याच्या बारशाचा फोटो माझ्यापुढंच निघालेला. त्याच्या त्या माळावरून एका बाजूला घाट दिसतो, दुसऱ्या बाजूला हायवे आणि त्याच्या पलीकडं महाराष्ट्र. भैरवी रोज तिथंच. उन्हात तिथं, ढगांत तिथं, थंडीत नाक लाल करून तिथं. घरी आली की मोठाले फोटो छापून घ्यायची. आणि ते टांगायला तिला जागा कोणती सापडली? माझी! माझा लोखंडी पाइप. मला गुंडाळलं, सुतळी बांधली आणि कोपऱ्यात उभं केलं. माझ्या पाइपवर त्या माळाचे फोटो ओळीनं लटकले.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुरळीच्या फटीतून मला दिसायचं, भैरवी त्या फोटोंपुढं खुर्ची टाकून बसायची. चहा निवून जायचा. माझ्याकडं तिनं असं कधी पाहिलं होतं? आणि त्या माळात होतं काय एवढं? पाणी नाही, हंस नाही, साधी पायरीसुद्धा नाही! नुसती ढेकळं आणि एक बाभूळ. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. माझं कापड विरायच्या आत भैरवीनं एकदा तरी मला तिच्या कॅमेऱ्यात घ्यावं. एकदाच. त्या माळाच्या नाकावर टिच्चून.

तेवढ्यात देव पावला. बेळगावात तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं ठरत होतं. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई स्टुडिओत आल्या, चष्मा पुसत सगळे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "जमीन सुंदर आहे. पण माणसं कुठायत? माणसांशिवाय ही कुणाचीही जमीन वाटते. माणसं आणलीस तर प्रदर्शन करू."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जिरली माळाची!

बाई गेल्यावर भैरवी डोकं धरून बसली. "आप्पा, माणसं उभी ऱ्हात न्हाईत हो तिथं."

त्याचं कारण होतं. त्या माळावरून नवा रस्ता जाणार अशी कुणकुण दोन वर्षं चालली होती. रस्त्याच्या मोजणीची माणसं तीन पायांचं यंत्र घेऊन यायची, आणि माळावरच्या बायका विळे घेऊन त्यांना पिटाळून लावायच्या. मोजणी झाली नाही तर रस्ता होत नाही, असा साधा हिशेब. भैरवीनं पहिल्यांदा तिथं स्टँड उभा केला तेव्हा तिच्याही अंगावर बायका धावून आल्या होत्या, "मोजणीवाली आली गं!" म्हणून. पुढं भरमूच्या आईनं, जयाबाईनं, तिला ओळखलं. रानाचे फोटो काढायला मोकळीक दिली. पण फोटोत यायला कोणी तयार होईना.

"तुला वळखतो गं आम्ही," जयाबाईनं तिला सांगितलं होतं, "पर त्या तीन पायाच्या भुताला वळखत न्हाई. रानात उभं करून फोटू काढला म्हंजी पंचनामा झाला. सई दिल्यागतच ते."

माघात ढग भरून आले. भरमूची तंबाखू कापून रानात वाळत पडलेली, आणि वाळत्या तंबाखूवर पाणी पडलं की वर्षाची मेहनत मातीमोल. भरमू धावत जिना चढून आला.

"आण्णा, झाकायला कायतरी द्या. सगळ्या ताडपत्र्या घातल्या, तरी एक ढीग उघडा हाय."

नागेंद्रआण्णांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मान माझ्याकडं वळवली. मी घाबरलो. भैरवीकडं पाहिलं. ती मोबाइलवर ढगांचा अंदाज बघत होती, तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"ह्यो ने की," नागेंद्रआण्णा म्हणाले. "दुहेरी मांजरपाट हाय. नुस्ता पडूनच हाय."

असा मी स्टुडिओतून निघालो, मित्रांनो. छोट्या टेम्पोत, खताच्या रिकाम्या पोत्यांवर पडून. हजार नवरानवरींच्या पाठीमागं मिरवलेला मी, आता तंबाखूवर पांघरूण! आणि तेही कोणाच्या दारात? त्या सवतीच्या!

माळावर भरमूनं मला उलगडलं तेव्हा मी डोळे फाडून पाहिलं. हेच ते? एवढंच? ज्याच्यासाठी मला कोपऱ्यात बसवलं ते हेच? तांबूस काळी माती, तंबाखूचे खुंट, कडेला हायवेची घरघर. मला हसूच आलं. म्हटलं, दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. पण बघता बघता ढगांत फट पडली, ऊन तिरकं होऊन माळावर पसरलं आणि ती सगळी ढेकळं एकदम जिवंत झाली. प्रत्येक ढेकळाला सावली फुटली. बाभळीची सावली पार बांधाच्याही पलीकडं गेली. शामूच्या डब्यात नव्हते असे रंग होते ते. मी हसणं थांबवलं. मग मात्र मला जो मत्सर वाटला तसला जन्मात वाटला नव्हता. माझ्या पायऱ्यांची सावली कधीच हलली नव्हती.

पाऊस पडला नाही. ढग आले तसे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवी स्टँड घेऊन आली. ढिगावर मी पालथा न पडता तोंड वर करून पडलो होतो. तंबाखूच्या वासानं डोकं भणभणत होतं. ती माझ्याजवळून गेली, बाभळीकडं. मी होतो तिथंच होतो.

तेवढ्यात जयाबाई आली. ढिगावरचं झाकण काढायला तिनं माझा कोपरा धरला आणि तशीच थांबली. वाकून बघायला लागली.

"अगं बया! भरम्या, ह्ये तर आण्णाच्या दुकानातलं तळं!"

"व्हय की. काल आणलं."

"ह्याच्याम्होरं माझा नि तुझ्या बाचा फोटू निघालता रं. ह्या पायरीम्होरं मी उभारलेली, ह्या झाडाम्होरं त्यो." तिनं हंसावरची धूळ पदरानं पुसली. "फोटू वाळवीनं खाल्ला. त्याचं त्वांडसुदिक आता नीट आठवंना." मग ती एकदम बाभळीकडं वळून ओरडली, "ए भैरवी! हिकडं ये. माझा फोटू काढ."

भैरवी धावत आली. "काढते की मावशी! या, बाभळीखाली उभ्या ऱ्हावा."

"बाभळीखाली न्हवं. ह्याच्याम्होरं. तळ्याम्होरं."

भैरवीचा चेहरा पडला. "मावशी, ह्यो रंगवलेला हाय. खोटा हाय ह्यो."

"खरा का खोटा ते ऱ्हाऊ दे बाजूला. फोटू काढतीस का जाऊ खुरपायला?"

भरमूनं दोन मेढी रोवल्या, आडवा बांबू बांधला आणि मला भर माळावर टांगलं. जयाबाई घरी जाऊन नवं लुगडं नेसून आली. तिला पाहून शेजारच्या रानातल्या बायका आल्या. "मोजणी न्हवं गं, फोटू हाय फोटू! आण्णाच्या तळ्याम्होरं!" असा पुकारा झाला आणि ज्या बायकांनी विळे उगारले होते त्याच केस सारखे करत रांगेत उभ्या राहिल्या. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्यापुढं रांग लागली होती! वारा सुटला होता, माझे हंस खरोखर हलत होते. मी तोऱ्यात माळाकडं पाहिलं. म्हटलं, बघ! तुझ्याच घरात येऊन तुझी माणसं माझ्याकडं वळवली.

भैरवी आधी नाइलाजानं फोटो काढत होती. मग कुणास ठाऊक काय झालं, तिनं स्टँड उचलला आणि मागं मागं जायला लागली. बांधापर्यंत गेली, बांध ओलांडला, आणखी मागं. तिथून तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला. माझ्यापुढं जयाबाई उभी होती. डाव्या बाजूला तिनं एका माणसापुरती जागा मोकळी सोडली होती. कॅमेऱ्याचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही, पण मला कळलं, मी तिच्या कॅमेऱ्यात गेलो. मी जिंकलो.

जयाबाईनं मला परत तंबाखूवर घालू दिलं नाही. माझी सन्मानानं पाठवणी झाली. बेळगावातलं प्रदर्शन झालं, गाजलं. लांबलांबची माणसं आली, भैरवीचं नाव पेपरात आलं, मराठी पेपरात आणि कन्नड पेपरातही. बांधापलीकडून काढलेला तो मोठा फोटो स्टुडिओत परत आला आणि मला पुन्हा भिंतीवर टांगून समोर तो ठेवला, तेव्हा मी आधी काय केलं? ग्रुप फोटोत सगळे करतात तेच. स्वतःला शोधलं.

सापडलो. टिचभर! त्या एवढ्या थोरल्या फोटोत मी टिचभर, जयाबाई त्याहून लहान, आणि बाकी सगळा माळ. माळ आणि आभाळ. येईल तो म्हणायचा, "काय माळ आहे!" माझ्याबद्दल म्हणायचे, "आणि तो पडदा, गंमत वाटते." गंमत! पुन्हा माझं पोट दुखायला लागलं. माझ्या जिवावर फोटो झाला, आणि कौतुक पुन्हा सवतीचंच.

पाडवा होऊन आठवडाभर झाला असेल. भरमू आला. नेहमीसारखा धावत नाही, एकेक पायरी चढत. स्टुलावर बसला.

"काय झालं रं?" नागेंद्रआण्णांनी विचारलं.

"मोजणी झाली, आण्णा."

"झाली? आणि तुम्ही हुता कुठं?"

"मी बाजारात गेलतो. दोन पोरं आली. तीन पायाचा स्टँड घिऊन. बायास्नी वाटलं, भैरवीचीच माणसं." भरमूनं हसल्यासारखं केलं. "आईनं त्यास्नी च्या करून दिला. लुगडं बदलून आली. सगळ्या वळीनं उभारल्या, डोस्क्यावर पदर घिऊन. मी आलो तवर रस्त्याच्या हद्दीचं दगड रोवून झाल्तं, तांबडा रंगबी लावून झाल्ता."

भैरवी दारात उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "माझ्यामुळं झालं ह्ये, भरमूअण्णा."

"न्हाय गं. आज न्हाय तर उद्या पोलीस घिऊन आलं असतं त्ये. रस्ता काय चुकणार हुता?" तो जमिनीकडं बघत राहिला. "पर आमच्या बाया हसत उभारल्या गं त्यांच्याम्होरं. त्येवढं सलतंय."

मित्रांनो, ज्याचं वाईट व्हावं म्हणून मी रात्रंदिवस जळत होतो त्याचं वाईट झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट पाहिली. आनंद काही आला नाही.

भैरवी भरमूला घेऊन कचेरीत गेली, वकिलाकडं गेली, बेळगावच्या त्या बाईंना घेऊन आणखी कुठं कुठं गेली. काही उपयोग झाला नाही. दिवाळीच्या आधी माळावर जेसीबी आले. ती तिथं फोटो काढायला गेली आणि तशीच परत आली. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही म्हणाली. बाभूळ गेली, बांध गेले, मातीवर खडी पडली.

मग एक दिवस भरमू आणि जयाबाई दोघंही स्टुडिओत आली. भरमू म्हणाला, "भैरवी, तुझ्याकडं नुस्त्या रानाचं फोटू हाईत न्हवं? माणूस नसल्यालं?"

"हाईत की. लई हाईत."

"त्यातला एक मोठा करून दे. भिंतीएवढा. ह्या पडद्यागत."

तिनं कपाट उघडलं. ज्या फोटोंना बाईंनी नको म्हटलं होतं, त्यातला तिरक्या उन्हातला एक निवडला. आठ दिवसांनी त्याचं फ्लेक्स छापून आलं आणि माझ्या बरोबर समोरच्या भिंतीवर लागलं. वरपासून खालपर्यंत माळ. प्रत्येक ढेकळाला सावली होती, पण आता ती सावली हलणार नव्हती. मी त्याच्याकडं पाहिलं. तो आता माझ्यासारखाच पडदा होता.

नागेंद्रआण्णांनी दिवे लावले आणि विचारलं, "जयाबाई, कुणाम्होरं काढायचा? तळं का रान?"

खोटं कशाला बोलू, माझा स्वभाव कुठं जातो? मला वाटलं, ती मलाच निवडणार. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तळ्याम्होरं मालकांसंगं निघालाय की. आता रानात काढा."

दोघं वळली. माझ्यापुढं फोटो काढायला माणसं बूट घालून यायची हो! ज्यांच्याकडं नसतील त्यांच्यासाठी नागेंद्रआण्णांनी चकचकीत पॉलिश केलेला एक जोड दुकानात ठेवला होता. पण त्या फ्लेक्सपाशी आल्यावर भरमू थांबला. जयाबाईही थांबली. आमच्याकडं उभ्या पिकात जाताना पायताण बांधावरच ठेवतात. दोघांनी वाकून चपला काढल्या, फरशीवर एका कडेला नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी पाय आत टाकला.

"उभारा सरळ," नागेंद्रआण्णा म्हणाले. भैरवीनं कॅमेऱ्याआड तोंड लपवलं.

माझ्यापुढं चपला कोणी काढल्या नव्हत्या, मित्रांनो. कधीच नाही. मला त्या माळाचा हेवा वाटला, अजूनही वाटतो, आणि तो आता मी लपवणार नाही.

लहान मुलांना गोष्ट सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला पुन्हा सुतळी बांधून कोपऱ्यात ठेवलं तरी माझं तळं आटायचं नाही. ते कधी नव्हतंच. पण तुमच्या गावाबाहेर एखादा माळ असेल, ओढा असेल, नुसती बाभूळ का असेना, तर वाचत काय बसलात? उठा. तो कुणाच्या भिंतीवर टांगला जायच्या आधी त्याच्यात जाऊन उभे राहा. फोटोबिटो राहू द्या. चपला तेवढ्या बांधावर ठेवा.